टूरशिवाय व्हिएतनाम, नणंदेसोबत

"पासपोर्टवर ईसीआर लिहिलंय, यांना विमानात बसूच देणार नाहीत." ताईंचा नवा पासपोर्ट आल्यापासून हे वाक्य आम्ही अमळनेरात, चोपड्यात आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलं. सांगणाऱ्यांपैकी एकानंही तो नियम वाचलेला नव्हता. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ही 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' अशी नोंद येते. कामधंद्यासाठी परदेशी जाणाऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून ती तपासणी आहे, आणि तीही ठरावीक १८ देशांपुरती. त्यात सौदी, कुवेत, कतार आहेत, मलेशिया आणि थायलंडही आहेत. व्हिएतनाम नाही. आम्हाला जायचं होतं व्हिएतनामला, तेही फिरायला. विषय संपला होता, पण लोकांचा संपेना.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. नववीपर्यंत शिकलेल्या. चोपडा तालुक्यात घरची केळी आहे आणि बागेचा सगळा हिशेब त्याच बघतात. मी शाळेत शिकवते. माझं माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत होते. त्यामुळे टूर कंपनीच्या बसमध्ये झेंड्यामागे फिरायचं नाही आणि जमेल तिथे रेल्वेनं जायचं, हे माझं आधीच ठरलं होतं. ताईंची एकच अट होती : जेवणात मासळी-मटण लागता कामा नये.

शिक्षकांना सुट्टी मे महिन्यात, म्हणून महिना ठरलेलाच होता. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर, आणि अर्ज नाकारला तरी पैसे परत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळू लागला आहे. नेटवर शोधलं तर पहिली चार-पाच पानं दलालांची निघतात, तीही सरकारी असल्याचा आव आणणारी. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' असतं, तेवढं बघायचं.

वेळ लागला तो नावाच्या रकान्यांना. आपल्याकडे बायकांच्या नावात मधे नवऱ्याचं नाव असतं, आणि पासपोर्टात ते 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःच्या नावाला जोडून छापतात. व्हिसा आणि विमानाचं तिकीट, दोन्हीकडे तसंच्या तसं यायला हवं. पासपोर्टच्या सगळ्यात खाली जी दोन ओळींची यंत्रानं वाचायची पट्टी असते, तीत आडनाव आणि नाव कुठे तुटतं ते दिसतं. ती समोर ठेवून भरलं की शंका उरत नाही. अजून एक गोष्ट : ३० एप्रिल आणि १ मे या दोन्ही दिवशी तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, आणि व्हिसा यायला लागणारे दिवस मोजतात ते कामाचे. मे महिन्यात जाणाऱ्यानं अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच करावा.

निघण्यापूर्वी घरूनच करायचं दुसरं काम म्हणजे 'ग्रॅब'चं ॲप. तिथे रिक्षा-टॅक्सीसारखं सगळं याच्यावर चालतं. नोंदणीला मोबाइलवर ओटीपी येतो. तिथे पोचून सिमकार्ड बदलल्यावर आपल्या नंबरवर तो येईलच असं नाही, म्हणून नोंदणी अमळनेरातच उरकली.

खान्देश एक्स्प्रेसनं बोरिवली आणि तिथून विमानतळ. इमिग्रेशनवर ताईंना कुठे, कशाला, किती दिवस एवढं विचारलं. मी परतीचं तिकीट आणि हॉटेलचे कागद छापून दिले होते, ते त्यांनी न विचारताच काउंटरवर मांडले. शिक्का बसला.

हनोईच्या नोई बाई विमानतळावर बाहेर पडताच टॅक्सीवाले गराडा घालतात. आम्ही ८६ नंबरची बस धरली. भाडं ४५,००० डाँग. आकडा ऐकून ताई थबकल्या. "कितला रुप्या व्हयनात व?" हजार डाँगचे साधारण सव्वातीन ते साडेतीन रुपये. म्हणजे मागची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याची साडेतीनपट करायची. दीडशेच्या आसपास झाले. दुसऱ्या दिवसापासून हा हिशेब त्या माझ्याआधी करू लागल्या. फक्त दोन नोटा सांभाळाव्या लागतात : २०,००० ची आणि ५,००,००० ची, दोन्ही निळसर. एक साठ-सत्तर रुपयांची, दुसरी सोळाशेच्या वरची. ताईंनी पाच लाखाच्या नोटा वेगळ्या रुमालात बांधल्या आणि कमरेला खोचल्या.

या नोटांचा आम्हाला दुसराही उपयोग झाला. सगळ्यांच्या पुढच्या बाजूला हो ची मिन्ह आणि मागे देशातली ठिकाणं. एक लाखावर हनोईचं साहित्य मंदिर, पन्नास हजारावर हुए शहर, वीस हजारावर होई आनचा जपानी पूल, दोन लाखावर 'हा लाँग'ची खाडी. ताईंना ठिकाणांची नावं लक्षात राहत नव्हती, नोटा राहिल्या. "आज पन्नास हजारवालं का?" असं सकाळी विचारायच्या.

बस थेट हनोई रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. म्हणून आम्ही सामानासकट आधी तिकीट खिडकीवर गेलो. ऑनलाइन तिकीट मिळतं, पण माझं कार्ड त्या साइटवर चालेना. खिडकीवर पासपोर्ट दाखवून पाच मिनिटांत काम झालं. गाड्यांचे नंबर एसई १, एसई ३ असे. विषम नंबर दक्षिणेला सायगावकडे, म्हणजे हो ची मिन्ह सिटीकडे जाणारे, सम नंबर उत्तरेला येणारे. भुसावळच्या पोरीला हे समजायला वेळ लागला नाही. हनोई ते हो ची मिन्ह सिटी ही लाइन १,७२६ किलोमीटरची, सगळी मीटरगेज. अकोला-खांडवा मीटरगेज बंद पडल्यापासून एवढ्या अरुंद रुळावरून रात्रभराचा प्रवास करायची आशा मी सोडली होती.

हनोईत रस्ता ओलांडणं हे एक प्रकरण आहे. दुचाक्यांची रांग संपत नाही आणि सिग्नल असला तरी फार उपयोग नाही. युक्ती अशी की पाऊल टाकलं की थांबायचं नाही, पळायचं नाही आणि मागे तर मुळीच फिरायचं नाही. एका चालीनं जात राहायचं, दुचाक्या आपल्याला वळसा घालून जातात. मोठी गाडी आली तर मात्र आपण थांबायचं. मी कडेला उभी राहून हे सगळं मनात घोकत होते, तोवर ताई माझं मनगट धरून निम्म्या रस्त्यात पोचल्या होत्या.

साहित्य मंदिर १०७० साली बांधलं. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा उभ्या आहेत आणि त्यांवर राजाची सर्वांत वरची परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरलेली आहेत. आमच्या शाळेत दहावीच्या पहिल्या तीन मुलांची नावं फळ्यावर खडूनं लिहितात, पुढच्या निकालाला पुसतात. इथे पंधराव्या शतकात पास झालेला माणूस अजून दगडावर आहे. परीक्षेआधी मुलं कासवांच्या डोक्यावर हात फिरवून जायची. दगड झिजायला लागले म्हणून आता कुंपण घातलंय. मे महिन्यात तिथे शाळा संपवणाऱ्या मुलींचे घोळके पांढऱ्या आओ दायमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक पोशाखात, फोटो काढत असतात. त्यातल्या चौघींनी ताईंच्या नऊवारीसोबत फोटो काढून घेतले. मला कुणी विचारलं नाही.

'हा लाँग'ला आम्ही गेलो नाही. तिथली बोटीची सहल म्हणजे पुन्हा टूरच, जेवण मासळीचं आणि वेळापत्रक त्यांचं. दोन लाखाची नोट राहून गेली, त्याची मला अजिबात खंत नाही.

हुएला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत आम्ही चार बर्थचा डबा घेतला. सहा बर्थचा स्वस्त असतो, पण वरच्या बर्थवर धड बसता येत नाही. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची सोय असते. ती कामाला आली, कारण गाडीतल्या जेवणाच्या ढकलगाडीत आमच्यासाठी काहीच नव्हतं. ताईंनी आणलेली दाण्याची चटणी, दशम्या आणि केळीचे वेफर्स निघाले. समोरच्या बर्थवरच्या आजींनी वेफर्स खाल्ले आणि आम्हाला लिचीची जुडी दिली. दोघींना कळेल अशी भाषा एकही नव्हती. ताई अहिराणीत बोलत होत्या, त्या व्हिएतनामीत, आणि दोघींना नातवंडं किती ते कळलं.

जेवणाचं खरं म्हणजे असं आहे. भाजीभात मागितला तरी त्यावर फिश सॉस पडतो. त्यांच्या दृष्टीनं तो मिठाच्या जागी आहे, त्यामुळे तो घातल्याचं कुणी सांगतही नाही. म्हणून 'चाय' (chay, आपला चहा नव्हे) अशी पाटी असलेलं दुकान शोधायचं. ही बौद्ध शाकाहारी खानावळ, तिथे फिश सॉस नसतो आणि बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. चंद्राच्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी एरवी मांस विकणारे ठेलेही भाजीचं करतात. आम्ही हुएला होतो तेव्हा बुद्धपौर्णिमा होती. नदीत कमळाचे मोठे कंदील सोडलेले होते आणि गल्लीगल्लीत शाकाहारी जेवण. तिखट मात्र बेताचंच. ठेच्याची बाटली आम्ही पर्समधूनच वापरली.

हुए ही न्गुयेन घराण्याची राजधानी, १८०२ ते १९४५. राजवाड्याचा परिसर प्रचंड आहे, पण १९६८ च्या लढाईत त्यातलं बरंच पडलं, आणि दुपारच्या उन्हात नुसती मोकळी मैदानं तुडवावी लागतात. सकाळी जावं. ऊन जळगावच्या मानानं काहीच नाही, पण हवा दमट, अंगाचा घाम वाळत नाही.

ताईंचं मन रमलं ते डोंग बा बाजारात. तिथे केळीचे घड बघून त्या खाली बसल्याच. फणी उलटी करून देठ बघितला, साल नखानं खरवडली. पुढे एका बाईच्या पाटीत केळफूल बारीक चिरून पाण्यात ठेवलेलं होतं, कोशिंबिरीसाठी. आमच्याकडे घड भरायला लागला की केळफूल मोडून बांधावर टाकतात. ताईंनी खुणेनं विचारलं, काळं कसं पडत नाही? त्या बाईनं अर्धं लिंबू दाखवलं. पाण्यात पिळायचं. मग भाव विचारला आणि हिशेब करून गप्प झाल्या. नंतर चालता चालता म्हणाल्या, "एका बागेत कितले फुलं फेकतस आपन!"

हॉटेलवाल्यानं स्कूटर भाड्यानं देऊ केली. अमळनेरात मी रोज स्कूटर चालवते, तरी नाही म्हटलं. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसारचा असतो आणि व्हिएतनाम मानतो १९६८ चा. भाड्यानं गाडी सगळे देतात, पण अपघात झाला तर आपण विनापरवाना ठरतो आणि प्रवास विमाही हात वर करतो. त्यापेक्षा ग्रॅबची मोटरसायकल बरी. भाडं आधी दिसतं, हुज्जत नाही, हेल्मेट तेच देतात. ताई नऊवारीत मागे एका अंगानं बसायला लागल्या, तर चालकानं मान हलवली. दोन्हीकडे पाय टाकून बसा. नऊवारीला त्याची काय अडचण!

हुए ते दा नांग हे अंतर १०३ किलोमीटर. रस्त्यानं लवकर होतं, आणि टूरच्या बसगाड्या २००५ साली उघडलेल्या सव्वासहा किलोमीटरच्या बोगद्यातून जातात. रेल्वे मात्र हाय वान घाटाला समुद्राच्या बाजूनं वळसे घालत जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे येतो, म्हणून खिडकीवर डावी बाजू मागून घेतली. लांग को सोडल्यावर गाडी इतकी हळू होते की रुळाकाठची झाडं मोजता येतात. एका वळणावर स्वतःचंच इंजिन दिसतं, खाली हिरवट पाणी, मग छोटा बोगदा, की पुन्हा समुद्र. एकेरी लाइन असल्यानं समोरच्या गाडीसाठी मधेच थांबावं लागतं. तेव्हा डब्यातले सगळे दारात. ज्या पैशात आम्ही दोघी या डब्यात बसलो, त्यात दा नांगपर्यंत टॅक्सी आली नसती.

दा नांगहून होई आन तीसेक किलोमीटर, गाडी केली. होई आन सुंदर आहे, पण संध्याकाळी कंदिलांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आम्ही वीस हजाराची नोट काढून पुलाशी ताडून पाहिली आणि झोपायला गेलो. पहाटे 'मी सोन'ला जायचं होतं.

'मी सोन' म्हणजे चाम या इथल्या जुन्या राजांची शिवमंदिरं, होई आनहून साधारण चाळीस किलोमीटरवर. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं इथे भद्रेश्वराची स्थापना केली आणि पुढे हजारेक वर्षं बांधकाम चालू राहिलं. लाल विटांचे उंच गाभारे, आणि विटांच्या फटीत चुना दिसत नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेच्या बाँबफेकीत यातलं सर्वांत मोठं देऊळ पडलं. खड्डे अजून तसेच आहेत. काही समूहांची डागडुजी भारताच्या पुरातत्त्व खात्यानं केली. २०२० मध्ये ते काम चालू असतानाच नवव्या शतकातलं एकसंध दगडाचं शिवलिंग मातीत सापडलं. बसगाड्या नऊच्या सुमारास येतात. आम्ही दार उघडताच आत गेलो होतो.

"हाऊ तं महादेव शे!" म्हणून ताईंनी चपला काढल्या. पहारेकऱ्यानं खुणेनं घालायला सांगितल्या, खडे टोचतील म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. संस्कृत शिलालेख समोर होता, पण लिपी नागरी नसल्यानं माझ्या बी. ए. च्या संस्कृतचा काही उपयोग झाला नाही.

परतीचं विमान हो ची मिन्ह सिटीहून होतं. येताना-जाताना वेगळी शहरं घेतली की उलटं हनोईला जावं लागत नाही, तिकिटात फरक थोडाच पडतो. उरलेले डाँग विमानतळावरच संपवले, अमळनेरात ते कुणी घेणार नव्हतं.

आता ताईंच्या भजनी मंडळातल्या बायका विचारतात, दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला नेशील का? दिवाळीत नको, एवढंच सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हुए आणि होई आनला पावसाचे दिवस, नदी गल्ल्यांत शिरते. रजा मिळत असेल तर फेब्रुवारी-मार्च, नाहीतर आमच्यासारखं मे महिन्यात. आणि अर्जाला बसताना पासपोर्ट घेऊन या, झेरॉक्स नको. खालच्या त्या दोन ओळी झेरॉक्समध्ये नेहमी कापल्या जातात.