हळदीचा अर्क आणि त्याच्या शेजारचे ईजीएफ

सांगली-मिरज परिसरातील फार्मसी आणि जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधायला घेतला की हळद हमखास पुढे येते, आणि २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीच्या या गावात तसे होणे स्वाभाविकही आहे. बहुतेक प्रकल्पांत जखम भरून येण्यावर हळदीच्या अर्काचा परिणाम तपासला जातो. त्यासाठी प्लेटमध्ये पेशींचा सलग थर वाढवतात, पिपेटच्या टोकाने त्यावर रेघ ओढतात आणि ती रिकामी पट्टी किती वेगाने बुजते हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. अर्काच्या शेजारी पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे परिणाम नक्की दाखवणारा तुलनेचा नमुना, म्हणून रिकॉम्बिनंट (दुसऱ्या सजीवात जनुक घालून बनवलेले) मानवी ईजीएफ, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर हे पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन, वापरलेले असते. प्रबंधात अर्काच्या तयारीला कित्येक पाने मिळतात आणि या प्रथिनाला जेमतेम एक ओळ. मला हे खटकते, कारण अर्क चालला की नाही हे आपण त्या प्रथिनाच्या तुलनेतच ठरवत असतो.

स्टॅन्ली कोहेन यांनी १९६२ मध्ये उंदराच्या लाळग्रंथीतून हे प्रथिन वेगळे केले. ग्रंथीचा अर्क टोचलेल्या नवजात पिलांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी लवकर उघडत होते, आणि त्या निरीक्षणाचा माग काढत ते या रेणूपर्यंत पोहोचले. १९८६ चे नोबेल पारितोषिक त्यांना रीटा लेव्ही-माँताल्चिनी यांच्यासह मिळाले. मानवी ईजीएफमध्ये ५३ अमिनो आम्ले असतात आणि त्यांपैकी ३७ उंदराच्या ईजीएफशी तंतोतंत जुळतात. पूर्वी मानवी प्रथिन मूत्रातून मोठ्या कष्टाने मिळवावे लागे. आता त्याचे जनुक ई. कोलाय जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून ते हवे तितके तयार करता येते. मात्र या छोट्या साखळीत तीन डायसल्फाइड बंध (गंधकाच्या अणूंमधील जोड) असतात, ते योग्य जोड्यांमध्ये जुळले तरच रेणू पेशीवरील ग्राहीला (संदेश स्वीकारणाऱ्या रिसेप्टरला) नीट चिकटतो, आणि जिवाणूच्या पेशीद्रवात असे बंध सहसा तयार होत नाहीत. त्यामुळे प्रथिन शुद्ध करताना त्याची घडी पुन्हा घालावी लागते. व्हायलवर लिहिलेले १०० मायक्रोग्रॅम हे वजन आहे. त्यातील किती रेणू खरोखर काम करतात हे पेशींवरच्या चाचणीतूनच कळते, म्हणून खरेदी करताना शुद्धतेच्या टक्केवारीइतकेच त्या लॉटच्या (एकाच वेळी तयार झालेल्या साठ्याच्या) क्रियाशीलतेच्या आकड्याकडेही लक्ष द्यावे.

हाताळणीत सर्वाधिक नुकसान विरघळवताना होते. शीतशुष्क पावडर बहुधा डोळ्यांना दिसतही नाही; ती झाकणाला किंवा काचेला चिकटलेली असू शकते, म्हणून उघडण्याआधी व्हायल थोडा वेळ सेंट्रिफ्यूज करावी. अतिशय विरल द्रावणात प्रथिन नळीच्या प्लॅस्टिकला चिकटून वाया जाते, ते टाळण्यासाठी ०.१ टक्का बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालतात. द्रावणाचे छोटे भाग करून ते गोठवावेत आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नये. उन्हाळ्यात वीज वारंवार जाते अशा ठिकाणी तर ही शिस्त अधिकच आवश्यक ठरते, कारण फ्रीझर मधेच वितळून पुन्हा गोठला हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरा गुंतागुंतीचा भाग कंट्रोलचा आहे. जिवाणूत बनवलेल्या प्रथिनासोबत एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूच्या आवरणातील विषारी घटकाचा, अंश येऊ शकतो आणि अनेक प्रकारच्या पेशी त्यालाच प्रतिसाद देतात. इतर काही संदेशवाहक प्रथिनांच्या बाबतीत नमुना उकळून पाहतात. उकळल्यावरही परिणाम टिकला तर तो उष्णता सहन करणाऱ्या एंडोटॉक्सिनचा असावा असे मानतात. ईजीएफ स्वतःच बऱ्यापैकी उष्णतारोधक असल्यामुळे ही युक्ती इथे भरवशाची नाही. त्याऐवजी प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) गेफिटिनिबसारखा ईजीएफ ग्राहीचा रोधक घालावा. त्याने पट्टी बुजण्याचा वाढीव वेग नाहीसा झाला, तर तो वेग या ग्राहीमुळेच आला होता असे म्हणता येते. हळद जमिनीतले पीक असल्याने तिच्या अर्कातही जिवाणूंचे एंडोटॉक्सिन असण्याची शक्यता गृहीत धरून अर्काचीही वेगळी तपासणी करायला हवी.

याहून महत्त्वाची गोष्ट कुर्क्युमिनची, म्हणजे हळदीतील मुख्य पिवळ्या घटकाची. ते ईजीएफ ग्राहीच्या कायनेज क्रियेला (पेशीत संदेश पुढे पाठवणाऱ्या क्रियेला) रोखते असे ए-४३१ या मानवी कर्करोगपेशींवर नोंदवले गेले आहे. म्हणजे अर्क आणि ईजीएफ एकत्र दिल्यावर पट्टी बुजण्याचा वेग घटला, तर प्रयोग फसला असे समजून तो निकाल वगळणे योग्य नाही. रसायनशास्त्र पाहता तो अपेक्षितही असू शकतो. शिवाय सीरम नसलेल्या तटस्थ द्रावणात, ३७ अंश सेल्सिअसला, बहुतांश कुर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित होते, त्यामुळे चोवीस तासांनी दिसणारा परिणाम मूळ रेणूचा की त्याच्या विघटित रूपांचा, हा प्रश्न प्रत्येक मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला विचारला पाहिजे. पेशींची निवडही निकाल बदलते: ईजीएफच्या ज्या मात्रेला फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील पेशी) जोमाने वाढतात, त्याच मात्रेला ईजीएफ ग्राहींची रेलचेल असलेल्या ए-४३१ पेशींची वाढ मंदावते.

खर्चाची अडचण खरी आहे, पण ती वाटते तितकी मोठी नाही. दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम या नेहमीच्या मात्रेने १०० मायक्रोग्रॅममध्ये पेशी वाढवण्याचे दहा लिटर माध्यम तयार होते, आणि एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला त्याचा लहानसा हिस्साही पुरतो. सांगली, मिरज आणि कराडच्या महाविद्यालयांनी मिळून एकच लॉट घ्यावा, एका प्रयोगशाळेने ३टी३ या उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींवर त्याचा मात्रा-प्रतिसाद आलेख काढावा आणि तो आलेख लॉट क्रमांकासह प्रत्येक गोठवलेल्या भागाबरोबर सर्वांना द्यावा. पुढच्या तुकडीचे प्रकल्प सुरू होण्याआधी हे सहज जमण्यासारखे आहे.