आजीच्या पोटातला गोळा

मुलगा चार वर्षांचा, आणि त्याच्यासोबत तिघं मोठी माणसं: आई, बाबा, आजी. तक्रार नेहमीची. "काहीच खात नाही." वजन-उंचीच्या तक्त्यावर त्याची रेघ छान चढत होती, रक्ताचा रिपोर्टही चांगला होता. तरी आई रडवेली झाली होती. एकेक जेवण तासभर चालायचं. आधी मोबाइल, मग मागे मागे पळणं, शेवटी धाक.

आहारतज्ज्ञ म्हणून मी अशा वेळी मुलाचं खाणं जरा बाजूला ठेवते आणि मोठ्यांना विचारते, तुमच्या लहानपणी घरात जेवणं कशी व्हायची?

बाबांनी लगेच सांगून टाकलं, भाजी तेव्हाही खात नव्हतो, आताही नाही. आई लहानपणी गुबगुबीत होती; सगळ्यांची नजर तिच्या ताटावर असायची. म्हणून आता घरातला गोड खाऊ ती कुलपात ठेवते. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही सात भावंडं. मागून जेवायला बसणाऱ्याला उरेलच असं नसायचं. धाकटा भाऊ अशक्तपणानंच गेला. ह्यानं घास बाजूला सारला की माझ्या पोटात गोळा येतो हो."

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अशा आजीला "मुलाला भरवू नका" असं नुसतं बजावून काय होणार? तिच्या आग्रहामागे खरी भीती आहे, आणि तिचा मान राखूनच पुढे जावं लागतं. मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला, नातवाची रेघ बोटानं दाखवली. दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाला नकार देणं स्वाभाविक असतं, त्यातला काही भाग अनुवंशिकही असतो. नवी चव आपलीशी व्हायला बऱ्याचदा आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. घरं दोन-तीनदा नकार मिळाला की थांबतात, नाहीतर जबरदस्तीवर येतात.

जबरदस्तीचं काय होतं, हे २००६ सालच्या एका प्रयोगात दिसलं. "सूप संपव" असा लकडा लावल्यावर मुलांनी ते कमी प्यायलं आणि नावंही जास्त ठेवली. कुलपाचंही तसंच. १९९९ मध्ये फिशर आणि बर्च या संशोधकांनी मुलांसमोर पारदर्शक डब्यात खाऊ ठेवला आणि त्याला हात लावायची मनाई केली, तर मुलं सारखी त्याच खाऊबद्दल बोलू लागली. हे ऐकताना आईनं मान खाली घातली.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली जबाबदारीची विभागणी मला फार पटते: काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. आजींनी विचारलं, "मग उरलं तर?" म्हटलं, आधी दोनच घास वाढा, हवं तर तो परत मागेल. मोबाइल बंद, आणि बाबांच्या ताटात भाजी. बाबांनी तोंड वाकडं केलं, पण तयार झाले.

पुढच्या भेटीत जेवण अर्ध्या तासाच्या आत उरकत होतं. भाजी मुलगा अजून खात नव्हता. बाबांच्या ताटातली उचलून, चाटून परत ठेवत होता. माझ्या मते हे बरंच झालं. आजींना न बोलता बसणं अजूनही जड जातं, पण पोटात गोळा येतोय असं वाटलं की त्या आता सुनेला सांगतात.