तपासाआधीचा निकाल

मोठी दुर्घटना घडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत खात्रीची माहिती अगदी थोडी असते आणि नेमक्या त्याच तासांत लोकांचे तर्क सर्वांत ठाम असतात. ८ मार्च २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह बेपत्ता झाले, तेव्हा त्याचा एकही अवशेष हाती नसताना अपहरणापासून वैमानिकाच्या आत्महत्येपर्यंतचे निष्कर्ष काढून झाले होते; मलेशियाच्या चौकशी पथकाने मात्र २०१८ च्या अहवालात कारण निश्चित करता येत नाही, असे नमूद केले.

तरीही ‘काय झाले’ याविषयीचे तर्क मला एक वेळ समजू शकतात. ‘कोणी केले’ याचे तर्क वेगळ्या जातीचे असतात, कारण ते पुराव्यातून नव्हे, तर मनात आधीपासून असलेल्या संशयातून निघतात. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीतील स्फोटानंतर अनेकांनी मध्यपूर्वेकडे बोट दाखवले. दोषी ठरला तो अमेरिकेचाच माजी सैनिक टिमथी मॅकव्हे. २०११ मध्ये नॉर्वेत ७७ जणांचा बळी गेला, तेव्हाही सुरुवातीचा संशय इस्लामी दहशतवाद्यांवरच होता आणि हल्लेखोर निघाला अतिउजव्या विचारांचा नॉर्वेजियन.

अधिकृत यंत्रणा गप्प राहतात म्हणून अफवा पसरतात, हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. २९ जुलै २०२४ रोजी इंग्लंडमधील साउथपोर्ट येथे चाकूहल्ल्यात तीन मुलींचा जीव गेला. संशयित १७ वर्षांचा असल्यामुळे पोलिसांनी त्याचे नाव जाहीर केले नाही, परंतु त्याचा जन्म ब्रिटनमधल्याच कार्डिफचा आहे हे त्याच दिवशी सांगितले. तरीसुद्धा एक खोटे नाव आणि तो आश्रय मागायला आलेला परदेशी असल्याची कहाणी सर्वत्र पसरली, आणि दुसऱ्याच दिवशी जमावाने तिथल्या मशिदीवर हल्ला चढवला. १ ऑगस्टला न्यायालयाच्या परवानगीने खरे नाव जाहीर झाल्यावरही दंगली थांबल्या नाहीत. खरी माहिती उपलब्ध होती; ती लोकांना हव्या असलेल्या कहाणीत बसत नव्हती, एवढेच.

चुकलेल्या तर्कांची निदान कधीतरी चर्चा होते. मला अधिक काळजी वाटते ती योगायोगाने बरोबर आलेल्या तर्कांची, कारण तसा तर्क करणारा पुढच्या घटनेच्या वेळी अधिक आत्मविश्वासाने बोलतो आणि या खेपेस त्याचे ऐकणारेही वाढलेले असतात.