बाबांचा जुना कॉम्प्युटर नव्या डब्यात

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात लग्नपत्रिका होतात. त्यासाठी बाबांनी २०१२ मध्ये असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर मे महिन्यात कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं तरी दुपारी बंद पडायचा. तेही चालवून घेतलं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरला घेईना.

सीताबर्डीवरून नवीन मशीन आणलं. दुकानदार म्हणाला, "नवीन विंडोज टाकून देतो ना भाऊ, कायले डोकं लावून राहिले?"

डोकं लावण्याला कारण होतं. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालायला यूएसबीत लावायची किल्ली आहे, सीडी कधीच हरवली. फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. ते नसले की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून आहे तीच विंडोज उचलून न्यायची ठरवली. तुळशीचं लग्न लागलं की गर्दी सुरू होते, तेव्हा हातात दिवाळीच्या सुट्टीचे दिवस तेवढे होते.

क्लोनझिला हे डिस्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जुन्या ५०० जीबीच्या हार्ड डिस्कची नक्कल १ टीबीच्या नव्या एसएसडीवर केली. रात्रभर चाललं. मूळ डिस्क काढून कपाटात ठेवली. पुढच्या दोन दिवसांत मला धीर दिला तो त्या कपाटानेच.

एसएसडी नव्या मशीनला लावली, तर त्याला बूट करायला डिस्कच सापडेना. जुनी विंडोज एमबीआर पद्धतीची, म्हणजे डिस्कच्या भागांची (पार्टिशनची) नोंद जुन्या तऱ्हेने ठेवणारी, आणि नवा मदरबोर्ड फक्त यूईएफआय ही बूट करायची नवी पद्धत ओळखणारा. त्याला जीपीटी ही नवी नोंद लागते. डेटा न पुसता एमबीआरचं जीपीटी करणारा एमबीआर-टू-जीपीटी हा प्रोग्राम विंडोज १० मध्येच असतो. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून चालवला, तर तपासणीतच नापास.

अर्धा दिवस तिथे गेला. या प्रोग्रामला तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन चालत नाहीत, आणि लॉजिकल, म्हणजे एका पार्टिशनच्या आत काढलेलं पार्टिशन तर एकही नाही. आमच्याकडे सिस्टिमचं छोटं पार्टिशन, सी आणि डी असे तीन झालेच होते. वर असेंबल करणाऱ्याने लॉजिकलमध्ये ई काढून दिलेली. आपल्याकडे सी-डी-ई केल्याशिवाय मशीन हातात देत नाहीत, तो रिवाजच आहे. ई मधला माल बाहेरच्या डिस्कवर घेतला, नकलेवरची ई उडवली, पुन्हा प्रोग्राम चालवला. एका मिनिटाच्या आत काम झालं.

विंडोजचा लोगो आला, गोल फिरलं आणि निळा पडदा: इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. जुन्या बायोसमध्ये डिस्क आयडीई या डिस्कशी बोलायच्या जुन्या मोडवर होती, नवं मशीन एएचसीआय या नव्या मोडवर चालतं. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, पण आजवर गरज न पडल्यामुळे तो सुरुवातीला उठतच नव्हता. सेफ मोडमध्ये विंडोज असे ड्रायव्हर उठवून बघते. पुन्हा तोच पेनड्राइव्ह, बीसीडीएडिट ही कमांड वापरून सेफबूट, म्हणजे सेफ मोडमध्येच सुरू होण्याची सेटिंग लावली. या वेळी डेस्कटॉप आला. आईने आणलेली चकली मी तेव्हाच तोंडात टाकली. मग एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन सेफबूट काढलं, रीस्टार्ट केलं, बाकीचे ड्रायव्हर आपोआप आले.

परवान्याचं मात्र नशीब. बाबांनी तेव्हा विंडोज बॉक्समधून, म्हणजे रिटेल घेतली होती, आणि परवाना माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला होता. 'हार्डवेअर बदललं आहे' असं सांगितलं आणि ती ॲक्टिव्हेट झाली. मशीनसोबत येणारा ओईएम परवाना असता तर तो जुन्या मदरबोर्डलाच बांधलेला राहिला असता.

बाबा दुकानात येऊन बसले. त्यांना डेस्कटॉप जसाच्या तसा दिसला. डोंगल लावलं, मराठी उमटली. आवाज येत नाही म्हणून दोनदा वाकून डब्यात पाहिलं. मग कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली एक पत्रिका उघडली, तर गणपतीच्या चित्राच्या जागी नुसती चौकट.

"ई कुठं गेली बे?"

चित्रं फाइलमध्ये नव्हतीच, ती सगळी ई ड्राइव्हवरून जोडलेली होती. एसएसडीवर मोकळ्या राहिलेल्या जागेत नवीन पार्टिशन केलं, त्याला ई अक्षर दिलं, बाहेरच्या डिस्कवरचा माल जुन्याच फोल्डरांच्या नावांनी त्यात ओतला. गणपती परत आला. विंडोज ११ चा अपग्रेड मी मार्गशीर्षावर ढकलला.