भूषण आणि उलटा बाण

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी वाचनालय उघडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं उशिरा येतात, तीही मोबाईलमध्ये मान घालून. एकदा मनाच्या आरोग्यावर बोलायला गेलो, तर 'सर, आमी काय पागल आहो का?' म्हणून हसली. भाषण तिथंच सोडलं आणि ट्वाइन नावाच्या सॉफ्टवेअरवर एक गोष्ट रचायला घेतली.

ट्वाइन फुकट मिळतं. ख्रिस क्लिमास यांनी 2009 मध्ये बनवलेलं. कोडिंग येत नसलं तरी जमतं: एक प्रसंग लिहायचा, खाली दोन-चार उत्तरं द्यायची. ज्या उत्तरावर बोट ठेवाल तिकडे गोष्ट वळते. आमचा भूषण बारावीत नापास झालाय, पारावर येत नाही. वाचणारा त्याचा मित्र. आता बोल, त्याला काय म्हणशील?

अर्धी गोष्ट झाली आणि भाच्यानं माझा लॅपटॉप 'साफ' करून दिला. ब्राउझरमध्ये ट्वाइन वापरलं तर गोष्टी त्या ब्राउझरमध्येच साठतात, हे मला त्या दिवशी कळलं! पंधरा दिवसांची मेहनत गेली. भाच्याला चहा पाजून परत पाठवला, दुसरं काय करणार.

दुसऱ्यांदा मात्र उत्तरं पोरांकडूनच लिहून घेतली. 'टेन्शन नको घेऊ बे' हे जवळजवळ सगळ्यांनी दाबलं. त्यावर भूषण 'हो' म्हणतो, घरात जातो, गोष्ट खतम. पोरं चिडली. मी ते तसंच ठेवलं, कारण आपण सगळे हेच बोलतो, मीसुद्धा. एक पोरगा फारसा बोलत नाही, तो म्हणाला, 'सर, काहीच नाही बोलाचं. बाजूले बसाचं फक्त.' तेही उत्तर टाकलं. भूषण तिथून बोलायला लागतो.

शेवटी टेलिमानसचा 14416 नंबर येतो. मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलता येईल अशी ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून आहे, 24 तास, फुकट. टाकण्याआधी मी स्वतः लावून पाहिला, मराठी निवडता येते.

फाईल एकच, व्हॉट्सॲपवर फिरली. एकदा उतरवली की रेंज नसली तरी उघडते. पण कडेला उलटा बाण होता. पोरं मागे जाऊन जाऊन 'बरोबर' उत्तर शोधायला लागली, गणिताचं असावं तसं. मी बाण काढून टाकला.

'सर, बाण काहून काढला?' एकानं कुरकुर केली.

त्याची बहीण पुस्तकाची नोंद करत होती. मान वर न करता म्हणाली, 'भूषणनं आयकलं ना आता.'