आमची वाटचाल: लालबागच्या खाणावळीपासून मालवणी मसाल्यापर्यंत

आमच्या फर्मची नोंदणी वडिलांच्या नावावर आहे, पण धंदा उभा केला आजीने. नव्वदी ओलांडून ती मागच्या वर्षी गेली. तिच्याविषयी लिहिल्याशिवाय आमची वाटचाल सांगताच येणार नाही.

लग्न होऊन ती मालवणहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली आणि थेट लालबागच्या चाळीत आली. आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. एका पगारात भागेना, म्हणून तिने खाणावळ घातली. बायकामुलं गावी ठेवून आलेले कोकणातले, घाटावरचे कामगार तिच्याकडे ‘मेंबर’ म्हणून जेवायला लागले. गिरणीच्या तीन पाळ्या, त्यामुळे स्टोव्ह दिवसरात्र चालू. पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर धान्य वाण्याकडून उधार आणि अडीनडीला सावकार. त्या व्याजापायी गिरणगावातल्या कितीतरी खाणावळवाल्यांचे दागिने गेले, आजीच्या पाटल्याही गेल्या.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. कागदावर अंगठा द्यायला लागू नये म्हणून आजी माझ्या वडिलांकडून स्वतःचं नाव लिहायला शिकली. पुढे आमच्या प्रत्येक चेकवर ती स्वतः सही करायची, सावकाश, एकेक अक्षर जोडून.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काही मेंबर गावी गेले, जे राहिले त्यांच्या खिशात काही नव्हतं. आजीने कुणाचं ताट बंद केलं नाही. “जेवक बस रे, हिशोब मगे बघूया,” एवढंच म्हणायची. संपाच्या आठवणींत कामगारांचे पुढारी दत्ता सामंत यांच्या सभा येतात, मोर्चे येतात. ही माणसं इतके महिने कुणाच्या जेवणावर तग धरून राहिली, हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आजोबांना पुन्हा काम मिळालं नाही. खाणावळही मोडली. पुढे जुने मेंबर येऊन बाकी चुकती करून गेले. सगळे नाही, पण बरेच. त्या पैशांतून आजीने मिरची भरली आणि मालवणी मसाला विकायला सुरुवात केली. पहिली गिऱ्हाईकं हेच मेंबर आणि त्यांच्या घरच्या बायका.

रंगाला बेडगी, तिखटपणाला संकेश्वरी. देठं काढलेली मिरची उन्हात कडकडीत झाल्याशिवाय डंखावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, जायची नाही. धणे, बडीशेप, दगडफूल, चक्रीफूल, जायपत्री, खसखस, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण धणे नीट भाजले जाईपर्यंत खसखस करपते. दालचिनी चांगली की नाही, हे ती एक तुकडा चावून सांगायची. सगळं एकत्र भाजणारं मोठं यंत्र घ्या, असं आम्हाला अनेकांनी सुचवलं. खर्च वाचला असता, पण आम्ही ते घेतलं नाही.

आता कुडाळच्या एमआयडीसीत आमचं युनिट आहे. तिथे काम करणाऱ्या बायकांना दुपारचं जेवण फर्मकडून असतं. जागेचा व्यवहार होण्याआधीच आजीने ही अट वडिलांकडून कबूल करून घेतली होती. जेवणाचे पैसे पगारातून कापायचे नाहीत, हेही त्यातच आलं.