सुरयचं अंडं आणि माझा ब्लँक

कोकणात समुद्रावर सूर मारणारे सुरय पक्षी मी लहानपणापासून बघत आले, पण सुरयचं अंडं हातात घेतलं ते थेट जर्मनीत, एमएस्सीच्या प्रबंधासाठी. लांबी जेमतेम चार सेंटिमीटर, वजन वीसेक ग्रॅम, वाळूच्या रंगावर काळपट ठिपके.

उत्तर समुद्राच्या काठाशी वाडन समुद्र आहे. ओहोटीला तिथे नजर पोचेल तिथवर चिखल उघडा पडतो. तिथल्या सुरय आणि ऑयस्टरकॅचर या पक्ष्यांच्या अंड्यांमधला पारा, पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली रसायनं) आणि डीडीटी हे कीटकनाशक 1980च्या दशकापासून मोजतात. एका जागेवरून साधारण दहा अंडी, आणि एका घरट्यातून एकच. मला वाटलं होतं, पक्ष्यांना त्रास नको म्हणून हा नियम. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे: मादी अंगातला पारा अंड्यांवाटे बाहेर टाकते आणि पहिल्या अंड्यात तो सहसा जास्त उतरतो. एकाच घरट्यातली तीनही अंडी उचलली तर ती एका मादीची हकीकत होईल, किनाऱ्याची नाही.

माझी पहिली शंका वेगळीच होती. सुरय हिवाळा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काढतात, मग अंड्यातलं विष कुठलं? गाईडनी सांगितलं, अंडं बनतं ते मुख्यतः घालण्याआधीच्या दिवसांत खाल्लेल्या माशांवर, आणि ते मासे इथलेच. पाण्यात जे मोजायला जड जातं इतकं विरळ असतं, ते माशांतून पक्ष्यापर्यंत येता येता कितीतरी पटींनी वाढलेलं असतं.

कवच मधोमध कापायचं, आतलं सगळं एकजीव करायचं आणि वाटे पाडायचे. पारा बसतो पांढऱ्यातल्या प्रथिनांत, त्यासाठी एक वाटा आम्लात विरघळवायचा. पीसीबी आणि डीडीटी बलकाच्या चरबीत, ते हेक्झेन या द्रावकाने ओढून काढायचे. पाऱ्याचं काम आठवडाभरात उरकलं. पीसीबीने मात्र दीड महिना खाल्ला.

कारण ब्लँक. अंडं न घालता बाकी सगळं तस्संच करायचं, तो ब्लँक. मोजणाऱ्या यंत्रावर त्याचा आलेख सपाट यायला हवा. माझ्या आलेखावर मात्र डोंगर उभे होते, नेमके आम्हाला हव्या त्या पीसीबींच्या अंगावर. म्हणजे अंड्यातलं किती आणि माझ्या हातून आलेलं किती, सांगताच येईना. एक नमुना अर्धाअधिक त्यात संपला होता. कुणीतरी त्यासाठी घरट्यातून अंडं उचललं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

काचेची भांडी रात्रभर 450 अंशांवर भाजली. हातमोजे बदलले. नमुन्यातलं पाणी शोषायला वापरायचं सोडियम सल्फेट नव्याने भाजलं. डोंगर तिथेच. मग एकेक पायरी गाळून ब्लँक घेत गेले, तेव्हा चोर सापडला: हेक्झेन भरून ठेवलेली प्लॅस्टिकची वॉश बॉटल. हेक्झेन प्लॅस्टिकमधली थॅलेट्स, म्हणजे ते मऊ ठेवणारी रसायनं, काढत होतं आणि तीच आलेखावर उमटत होती. बाटली काचेची केली आणि रेघ खाली बसली. त्या दिवशी मी तो कागद घरी घेऊन गेले.

मगच पीसीबीसाठी बाकीच्या अंड्यांना हात लावला. एल्बे नदीच्या मुखाजवळच्या अंड्यांत पारा बाकीच्यांहून ठळकपणे जास्त निघाला. जुन्या नोंदींतही तसंच आहे. पण पूर्वीच्या मानाने आकडा बराच खाली आहे: 1990नंतर पूर्व जर्मनीतले एल्बेकाठचे रासायनिक कारखाने बंद पडले, सांडपाण्यावर प्रक्रिया होऊ लागली, आणि नदीतला पारा उतरला तसा अंड्यांतलाही उतरला. शेजारच्या नेदरलँड्समध्ये 1950च्या दशकात सँडविच सुरय या जातीच्या 30,000हून जास्त जोड्या होत्या. कीटकनाशकांच्या कारखान्याच्या सांडपाण्याने 1965पर्यंत हजारही उरल्या नव्हत्या. ते विष समुद्रात जायचं थांबलं आणि पक्षी हळूहळू सावरले. हे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले तेव्हा त्या दीड महिन्याचा थकवा गेला.

उरलेले वाटे मी भाजलेल्या काचेच्या बाटल्यांत भरले. त्याच किनाऱ्यावरची कुरव पक्ष्याची अंडी जर्मनीच्या नमुना-पेढीत द्रवरूप नायट्रोजनवर ठेवलेली आहेत. ती साठवायला घेतली तेव्हा पीएफएएस या सहजी न विघटणाऱ्या रसायनांचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं, पुढे त्याच अंड्यांत ती रसायनं मोजली गेली. म्हणून लेबलवर जागा, तारीख, घरट्याचा क्रमांक शिसपेन्सिलने लिहिला, आणि खाली एक ओळ जास्तीची: हेक्झेन काचेच्या बाटलीतलं.